बाबनरावांचा दोनशे एकतिसावा दिवस

त्या संग्रहालयाचं नाव मी लिहीत नाही. आमची चार माणसं तिथं अजून रोजंदारीवर आहेत, आणि साहेब लोकांना वाचता येतं.

खाली पेंढा भरलेला वाघ, देवमाशाची बरगडी, काचेत ठेवलेले साप. वर 'जगातले लोक' नावाचं दालन. तिथं आफ्रिकेचे मुखवटे, जपानी बाईचा झगा, मातीचे गोंड, मातीचा कुंभार, आणि कुंभाराच्या शेजारी नंदनवन मोहल्ल्यातले बाबनराव धकाते. ते तेवढे मातीचे नव्हते.

बाबनराव कोष्टी. बापाच्या मागावर बाराव्या वर्षी बसले ते बावन्नाव्या वर्षापर्यंत उठले नाहीत. नऊवारीचा काठ असा काढायचे की दुकानदार भाव करताना कापडाकडे बघायचाच नाही, बघितलं तर त्याला जास्त द्यावे लागायचे. शहात्तर साली विणकरांची सोसायटी बुडाली. अर्ध्या मोहल्ल्याचे माग चुलीत गेले. मी तेव्हा विणकरांच्या युनियनचं काम करायचो. संग्रहालयाला 'चालू माग' दाखवायला माणूस पाहिजे असं कानावर आलं आणि मी बाबनरावांना तिथं नेऊन बसवलं. मीच बसवलं, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा माग खड्ड्याचा. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्यांवर. आता वरच्या मजल्यावर दगडी फरशीत खड्डा कोण खणू देईल? म्हणून त्यांनी लाकडाची मोठी पेटी केली. बाबनरावांनी तिच्यात पाय सोडून बसायचं, मग चौकीदार पाठीमागून फळी लावायचा. फळी निघायची दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला. मधे लघवीला जायचं तरी चौकीदाराला हाक मारावी लागायची, आणि हाक मारायची बंदी. पब्लिकशी बोलायचं नाही, गर्दी समोर असली की हात थांबवायचा नाही, चारही बाजूंनी बांधलेल्या दोरीच्या आत कोणाला येऊ द्यायचं नाही.

कळमेश्वरकडचे लोक बाजार करून यायचे. एका म्हातारीने दोरीवरून छत्रीची दांडी लांबवून बाबनरावांच्या खांद्याला टोचलं. सुताचा धोटा इकडून तिकडे चालतच राहिला तशी ती सुनेला म्हणाली, "चावीवरचा बाहुला दिसते वं." हे बाबनरावांनी मला हसत सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात. पुढं हसणं बंद झालं.

मी त्यांना एकच सांगून ठेवलं होतं. दोनशे चाळीस दिवस खंड पडू देऊ नका, तेवढे भरले की कायद्याने नोकरी पक्की होते, संग्रहालयाच्या साहेबाने तसं कबूल केलं आहे, तोपर्यंत तोंडाला कुलूप. मोहल्ल्यातली दोन माणसं एकदा दोरी ओलांडून गप्पा मारायला बसली होती, तेव्हा साहेबाने ताकीद दिली होती. पुन्हा तुमचा माणूस आत दिसला तर हजेरीच्या मस्टरवरून नाव कमी. म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून.

दोनशे एकतिसाव्या दिवशी उमरेडहून गिरिधर आला.

गिरिधरच्या पोराशी, मुकुंदशी, बाबनरावांच्या ताराची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुकुंद हिंगण्याला कंपनीत पाळीवर जायचा. संध्याकाळी घरी येऊन सुपारी फोडायची, एवढंच बाकी होतं. गिरिधर दुपारच्या एसटीने लवकर उतरला आणि त्याच्या मनात आलं, व्याह्याची सरकारी जागा बघावी.

वर गेला तेव्हा शाळेची सहल दालनात उभी. पोरं समोर, म्हणून बाबनरावांचा हात चालू. डाव्या काठाजवळ ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तार तुटून लोंबत होता. बाबनरावांना तो दिसत होता, पण थांबायची परवानगी नव्हती. दिसत असून तसंच विणत राहणं काय असतं ते ज्यानं विणलं नाही त्याला मी सांगू शकत नाही.

आमच्यात रीत आहे. पाहुणा घरी आला आणि मागावर तुटका तार दिसला, तर आधी तार सांधायचा, मग पाणी प्यायचं. सोयरिकीच्या वेळी तर तो मान. गिरिधरने चप्पल काढली, दोरी ओलांडली, बाजूच्या वाटीतल्या राखेला बोट लावलं आणि तार पिळून सांधला. मग व्याही म्हणून हाक मारली, "रामराम इवाईबुवा."

चौकीदार धावला. मास्तर ओरडले. मागून साहेब आला. गिरिधरचा दंड चौकीदाराने धरलेला, आणि तो शांतपणे सांगत होता की मी यांचा सोयरा आहे, विचारा यांना.

साहेबाने विचारलं, "हा तुमचा माणूस आहे का?"

बाबनराव पेटीत, पाठीला फळी. उठून उभं राहायचीही सोय नव्हती. त्यांनी धोटा फेकला, झेलला.

"नाही साहेब. मी ओळखत नाही याले."

गिरिधरला जिन्यावरून खाली नेलं, वाघाच्या पुढून. चप्पल वरच राहिली.

तरी तो संध्याकाळी बाबनरावांच्या घरी आला. शब्द दिला होता म्हणून आला, अनवाणी. मीही होतो, सोयरीक मीच जुळवली होती. बाबनरावांच्या बायकोने, इंदूबाईंनी, सतरंजी घातली. त्याने बसायला नकार दिला नाही, पण पाण्याचा तांब्या हाताने बाजूला सारला.

"पोरगी चांगली हाये, वहिनी," तो इंदूबाईंना म्हणाला. "पण या घरच्या माणसानं चारचौघात सांगतलं का तो मले ओळखत नाही. मंग मी इथं कोणाचं पाणी पिऊ?"

बाबनराव खाली बघत बसले होते. माझंच डोकं फिरलं. मी त्याला कायदा सांगितला, मस्टर सांगितलं, नऊ दिवस राहिलेत हे सांगितलं, पोट नसलेल्यालाच मान परवडतो असंही बोलून गेलो. आवाज वाढला होता माझा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, मांगच्या साली उमरेडच्या सभेत तुम्हीच म्हणत होते, मान खाली घालू नका गा. मी टाळ्या वाजवल्या होत्या. कोणतं खरं धराव मंग?"

भांडायला मी कधी कमी पडलेलो नाही, त्या दिवशी पडलो. गिरिधर उठला, सगळ्यांना रामराम केला, बाबनरावांनाही केला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा बाबनराव अंथरुणावरच होते. नाही जात म्हणाले. त्या पेटीत पुन्हा बसायचं नाही, उमरेडला जाऊन गिरिधरच्या पाया पडतो म्हणाले. मला वाटलं होऽ म्हणावं, जा म्हणावं, पण मनात राहिलेले नऊ दिवसच मोजत होतो.

तारा आतून डबा घेऊन आली. रात्रभर रडली असावी, पण आवाज कोरडा होता.

"उठा बाबा. त्यायच्या इथून आता काही होत नाही. आज नाही गेले तं नोकरीही गेली. मंग माहं लगन मोडलं कायले?"

तिने डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सदरा खुंटीवरून काढून हातात धरून उभी राहिली. बाबनराव उठून बसले. मग त्यांनी एक हात वर केला, तिने बाही चढवली. मग दुसरा.

साडेदहाला चौकीदाराने फळी लावली.