एस.टी.च्या वेळेत बसणारा विषय

म्हशीची धार काढून मी चुलीपुढं बसले होते, तेवढ्यात नणंद सुमन कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. एकाहत्तर साल असावं. आज सकाळी नातीनं मोबाईलवरचा कॉलेजचा फॉर्म पुढं करून विचारलं, "आजी, पुढं नोकरीला बरा पडेल असा कोणता विषय घेऊ?" तेव्हा हे आठवलं.

सुमनला रसायनशास्त्र घेऊन साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागायचं होतं. पण त्याची प्रात्यक्षिकं पाचला सुटायची आणि गावात येणारी शेवटची एस.टी. चारची. नंतरची गाडी फाट्यावरच सोडायची. तिथून घर तीन मैल.

सासऱ्यांनी स्टँडवरून गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या होत्या. फॉर्मशेजारी तो कागद ठेवून ते म्हणाले, "इतिहास घे. त्याचे तास तीनला सुटत्यात."

"इतिहास घेऊन मी काय करू, आप्पा?"

"चारच्या गाडीनं घरी ये."

सासूबाई म्हणाल्या, "बसायला जागा बी गावंल."

मला हसू आलं. सुमनला रडू फुटलं.

माझे यजमान, म्हणजे सुमनचा भाऊ, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची पुस्तकं मी अक्षर लावत वाचायला घेतली होती. सायकल मात्र गोठ्यात पोत्याखाली होती, तिला मी कुणाला हात लावू देत नव्हते. सुमन त्यांच्याकडूनच सायकल शिकली होती.

तुमच्या घरी विषय कशावरून ठरले, तेही सांगा.

दुसऱ्या दिवशी मी सायकल पुसली, ढकलत फाट्यावर नेली आणि चहाच्या टपरीमागं सुमनसाठी ठेवून आले.