रांगोळीवरून जाताना

पार्किन्सन झाल्याचं कळलं तेव्हा मला काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकांना ते खरं वाटत नाही. मी धीराची आहे असा त्यांचा समज होतो. मी धीराबिराची मुळीच नाही. पूर्वी गॅसवरचं दूध उतू गेलं तरी माझं डोकं फिरायचं. पण हा आजार हातापायांबरोबर आतलंही काहीतरी जड करतो, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. चेहरा हलत नाही, म्हणून समोरच्याला वाटतं मी रागावले आहे. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पॉझिटिव्ह राहा" असं मला रोज कोणीतरी सांगतं. भाजीवाली सांगते. सूर्यफुलाचं चित्र पाठवणारी मावसबहीण सकाळी चहाच्या आधी सांगते. मी हो म्हणते. व्यायाम करते, कारण तो करायचा असतो. गॅलरीत उभं राहून हात वर-खाली, मग आरशासमोर तोंड ताणून आ, ई, ऊ. आठवड्यातून एकदा ठाण्याला एका हॉलमध्ये आमच्यासारख्यांचा वर्ग भरतो. तिथे टाळ्या वाजवत चालायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्याने हसायचं. मी हसते. म्हणजे आवाज काढते.

खरी अडचण दाराची. डोंबिवलीतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना मला बरा जमतो, याचं सगळ्यांना नवल वाटतं. पायऱ्या डोळ्यांना दिसतात आणि पाय उचलले जातात. पण दारातून बाहेर पडायची वेळ आली की पाय लादीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय दाद देत नाहीत. एकदा हे, म्हणजे माझा नवरा, दूध आणायला खाली गेले असताना मी अशीच दारात अडकले. जोर लावला आणि पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा ठाण्यातल्या बाळकुमहून तडक आला.

"आई, बास आता. तिकडे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू. तुम्ही दोघं चला माझ्याकडे."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. इथे राहून फार सुख होत होतं असंही नाही. सुखाचं मला तेव्हा काही कळतच नव्हतं. एवढंच, की या घरात डोळे मिटून कुठेही हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागते. तेवढं तरी माझं राहू दे, असं होतं. मी म्हटलं, "पाडव्यापर्यंत थांब. त्या दिवशी कोणाचा हात न धरता खाली गेटपर्यंत येऊन दाखवते. नाही जमलं तर सामान बांध."

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग नंतर नाही म्हणायचं नाही."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने उपाय सांगितला. दाराच्या आत जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या. पाय अडकला की रेघेकडे बघायचं आणि ती ओलांडायची. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेले असताना ह्यांनी रेघा काढून ठेवल्या. रांगोळीने. दुसरं काय सुचणार, डबा देवघराखालीच असतो. जन्मात पहिल्यांदा त्यांनी रांगोळी चिमटीत धरली असेल. एकेक रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा जाड. मी बाहेर आले, बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले.

"अगं, ओलांड की."

"रांगोळी आहे ती."

"रेघ आहे."

"रांगोळीची आहे ना पण."

मी शाळेत चित्रकला शिकवायची. दारातली रांगोळी कधी चुकवली नाही, आणि तिच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून घरातल्यांना भिंतीला घासून जायला लावलं. आता चिमटीतून रेघ पडत नाही, नुसता सडा पडतो. पण पाय अजून जुनंच शिकलेले. ह्यांनी निमूटपणे रेघा पुसल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून पिवळी चिकटपट्टी आणून लावली. तिच्यावरून पाय गेले. मग रोज तेच, आत-बाहेर, आत-बाहेर.

पाडव्याला गोळी वेळेवर घेतली. गुढी उभारून झाली, मुलगा येऊन जिन्यात उभा राहिला. चिकटपट्टीच्या रेघा मी ओलांडल्या, उंबरठाही ओलांडला. आणि थांबले.

बाहेर पॅसेजभर रांगोळी होती. शेजारीण दरवर्षी तिच्या दारापुरती काढते, मी माझ्या दारापुरती. काकूंना, म्हणजे मला, आता जमत नाही म्हणून तिने यंदा दोन्ही दारं मिळून एकच काढली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कलश, आंब्याची पानं, कडेने लाल पट्टा. हात चांगला आहे तिचा. पाऊल टाकायला मात्र कुठे जागा नव्हती.

"थांब, मी पुसतो," हे मागून म्हणाले.

"नको."

"आई, राहू दे ना," मुलगा म्हणाला. "उगाच त्रास नको करून घेऊ."

राहू दे म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी कडेच्या लाल पट्ट्याकडे बघत राहिले. तीही शेवटी रेघच होती. पाय उचलला गेला आणि बरोबर कलशावर पडला. दुसरा मागून फरफटत आला. जिन्यापर्यंत लाल, हिरवं, पांढरं सगळं एक झालं.

मला वाईट वाटलं. किती महिन्यांनी मला काही वाटलं, आणि ते हे. डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्यावर त्यातलं काही दिसलं नसणार. रांगोळीला पाय लागला की वाकून बोटं लावायची आणि हात छातीशी न्यायचा, ही आमची रीत. मला वाकता येत नाही. मी नुसतीच उभी राहिले. मुलगा वर आला, वाकला, फिसकटलेल्या कलशाला त्याने बोटं लावली आणि आपल्या छातीशी नेली.

मी जिना उतरले, गेटपर्यंत गेले. तो दोन पायऱ्या मागे होता, हात खिशात घालून. खाली त्याने विचारलं, "गाडी आणलीये. जेवायला तिकडेच जायचं का?"

"आज नको. वर श्रीखंड केलंय."

वर आले तर हे पॅसेजमध्ये फतकल मारून बसले होते, मांडीशी रांगोळीचा डबा. फिसकटलेला कलश पुसून त्याच्या जागी त्यांची ती जाड रेघ ओढणं चाललं होतं.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. "मला अजून त्याच्यावरूनच आत जायचंय."

त्यांनी डबा उचलला आणि सरकून मला वाट दिली.