टांगा थांबेल तिथला इतिहास

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीत शाळा सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तर त्याआधीच फारकत झाली होती. शब्दही साधेच आहेत. दागिने म्हणाल तर ते आमच्या घोड्याच्या गळ्यात असतात, माझ्या लिहिण्यात नाहीत.

पण लोणावळा स्टेशनाबाहेरच्या टांगा स्टँडवर जो उभा राहतो, त्याच्याकडे किस्से साठतातच. गाडी येईपर्यंत करणार काय? घोडे गवत खातात आणि माणसं एकमेकांचं डोकं! एक किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो.

आमचं काम नुसतं माणसं पोचवायचं नाही. मुंबई-पुण्याच्या पाव्हण्यांना आम्ही 'साइट' दाखवतो. बाजारपेठ, गावठाण, साहेबी बंगले, वळवणचं धरण, खंडाळ्याचे पॉइंट, आणि लांबची सवारी असली तर कार्ल्याची लेणी. आणि नुसतं दाखवून भागत नाही. बोलावं लागतं. तेच माझं दुखणं! चार अनोळखी माणसं माझ्याकडे बघायला लागली की जीभ टाळूला चिकटते.

टांगा माझ्या मामाचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मामा पाण्याच्या हौदापाशी घसरला आणि मांडीचं हाड मोडून खाटेवर पडला. स्टँडवरचे सगळ्यात जुने टांगेवाले म्हणजे आबा. त्यांचा शब्द शेवटचा. ते मामाला भेटायला आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "किसन्या घोड्याला चांगला हाय. पन मुक्याच्या टांग्यात कोन बसनार? दिवाळीच्या सुट्टीपातूर बघू. न्हाई जमलं, तर घोडा-टांगा इकून टाक."

मामानं मान वळवली. खिडकीतून बादलकडे बघत राहिला. बादल म्हणजे आमचा घोडा.

* * *

तर पहिला किस्सा बादलचाच.

मामानं वर्षानुवर्षं एकाच रस्त्यानं साइट दाखवलेली. त्यामुळे बादलला सगळे थांबे पाठ. माझ्या पहिल्याच सवारीला, मी लगाम ओढायच्या आत, तो पहिल्या बंगल्यापाशी थांबला. मागे ठाण्याचं कुटुंब होतं. सासू, सून आणि मुलगा. तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी घसा साफ केला. "हा बंगला आहे."

"ते दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

पुढे काही सुचेना. मी लगाम हलवला. बादल हलेना. चुचकारलं. हलेना. मामा तिथं जेवढा वेळ बोलायचा, तेवढा वेळ तो उभा राहणार!

"घोडा आजारी आहे का हो?" मुलानं विचारलं.

"नाही. तो... माहिती संपायची वाट बघतोय."

सासूबाईंनी बादलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग सांग की रे बाबा! आम्हाला नाही तर नाही, निदान त्याला तरी सांग!"

* * *

आमच्या स्टँडवर एक नियम आहे. एकानं पाव्हण्यांना सांगितलेला इतिहास दुसऱ्यानं मोडायचा नाही. कारण खरा इतिहास कुणालाच पुरता माहीत नाही, आणि पाव्हण्यांना अर्धा चालत नाही!

खंडाळ्याच्या वाटेवर हिरव्या खिडक्यांचा एक बंद बंगला आहे. आमच्या स्टँडवरचे गेनूभाऊ सांगायचे, इथे एक गाणारी बाई राहायची. त्यांच्या शेजारी टांगा लावणारे हुसेनचाचा सांगायचे, इथे फौजेतला मोठा साहेब राहायचा. दोघांचं सुखानं चाललं होतं. मग एकदा एक भलंमोठं कुटुंब आलं. अर्धे गेनूभाऊंच्या टांग्यात बसले, अर्धे चाचांच्या. धरणावर सगळे भजी खायला एकत्र बसले आणि भांडण पेटलं.

"गाणारी बाई!"

"छे, लष्करी साहेब!"

शेवटी घरातल्या थोरल्यांनी दोघा टांगेवाल्यांना पुढे बोलावलं. "खरं काय ते एकदा सांगा. कोण राहायचं तिथं?"

चाचांनी गेनूभाऊंकडे बघितलं. गेनूभाऊंनी चाचांकडे बघितलं.

"दोगं बी," गेनूभाऊ म्हणाले. "लगीन झालं हुतं त्यांचं!"

"लव्ह मॅरेज," चाचा म्हणाले.

बायकांना हे इतकं आवडलं, की जाताना तो बंगला पुन्हा बघायचा त्यांनी हट्ट धरला. त्या दिवसापासून सगळा स्टँड तीच प्रेमकहाणी सांगतो. पुढे पुढे तर त्या बाईला एक खाष्ट सासूही मिळाली.

एकदा एक शेठ एकटेच गेनूभाऊंच्या टांग्यात बसले. बंगल्यापाशी गेनूभाऊंनी सगळी कहाणी ऐकवली, सासूच्या छळासकट. शेठ तिथंच उतरले, खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "हा बंगला माझ्या आजोबांनी बांधला. असलं काही इथं कधीच घडलेलं नाही."

गेनूभाऊ चाबकाच्या दोरीशी चाळा करत खाली बघायला लागले.

शेठनी कुलूप उघडलं आणि मागे वळले. "उद्या आमच्या सौभाग्यवती येतायत. त्यांना स्टेशनवरून तूच आण. आणि हेच सांग! सासूचं जरा वाढवून सांगितलंस तरी चालेल."

* * *

पावसाळ्यात खंडाळ्याच्या पॉइंटवर असं धुकं असतं, की टांग्यात बसलेल्याला घोड्याचे कान दिसत नाहीत. पण पाव्हणे मुंबईहून आलेत म्हटल्यावर साइट दाखवायलाच हवी.

हुसेनचाचांच्या टांग्यात एका बँकेतली चार माणसं होती. चाचा कठड्यापाशी उभे राहिले आणि पांढऱ्याशुभ्र धुक्यात बोट दाखवून म्हणाले, "वो सामने राजमाची. दोन किल्ले आहेत, साहेब. डावीकडे नागफणी. नाग कसा फणा काढून बसलाय, बघा!"

चौघांनी माना डोलावल्या. "वा! काय कडा आहे!" एकानं तर फोटोसुद्धा काढला.

तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं फाटलं. समोर एक गोठा. गोठ्याच्या दारात एक म्हैस रवंथ करत उभी. राजमाची होता पार उजव्या बाजूला.

चौघांनी एकदम चाचांकडे बघितलं. मग चाचाच म्हणाले, "धुक्यात किल्ला जरा सरकतो, साहेब."

"अहो, पण मी फोटो काढलाय!"

"तो बेफिकर रहो! फोटोत धुकंच येणार. घरी जाऊन बोला, राजमाची आहे!"

* * *

पुण्याहून एकदा इमारती बांधायचं शिकणारी मुलं-मुली आली. सोबत त्यांचे सर. त्यांना बंगले नको होते. त्यांना जुनी घरं, ओटे, कौलं, लोकांचं राहणं बघायचं होतं. गेनूभाऊ त्यांना गावठाणात घेऊन गेले. मीही मागून दुसरा टांगा घेऊन होतो. बोलायचं नव्हतं, त्यामुळे मजेत होतो.

एका दगडी घराच्या भिंतीला अगदी खाली, जमिनीलगत, एक चौकोनी भोक होतं. सरांनी विचारलं, "हे कशासाठी असेल?"

माहीत नाही म्हणणं गेनूभाऊंच्या स्वभावात नाही. "ही जंगी! किल्ल्याला आसत्यात तशी. लढाईच्या टायमाला मानूस आत पालथा पडायचा आन हितनं बंदूक रोखायचा!"

मुलं भराभर चित्रं काढायला लागली. तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. "ए गेन्या! बंदूक कसली? कोंबड्यांला आत-भाईर करायला ठेवलंय ते!"

आणि खरंच, त्याच वेळी भोकातून एका कोंबडीनं डोकं बाहेर काढलं, सगळ्यांकडे बघितलं आणि तुरुतुरु निघून गेली.

सर गेनूभाऊंकडे बघत राहिले. गेनूभाऊ जागचे हलले नाहीत.

"बघितलं?" ते मुलांना म्हणाले. "अजून वापरात हाय!"

* * *

दिवाळी जवळ आली. मामा कुबड्या घेऊन अंगणापर्यंत यायला लागला होता, पण टांग्यावर चढणं त्याच्याच्यानं आता होणार नव्हतं. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "बोललास का रं आज?" आणि मी बादलला खरारा करायला लागायचो.

गेनूभाऊंना माझी दया आली. ते म्हणाले, "पाठ कर. पाढे पाठ करतोस तसं!" त्यांनी सांगितलं आणि मी घोकलं. बाजारपेठेपासून खंडाळ्यापर्यंत सगळं एका दमात म्हणता यायला लागलं. फक्त मधूनच सुरू करता येत नव्हतं. सतराचा पाढा कुणाला मधून येतो?

आणि पाठ झालं नेमकं त्याच दिवशी एक आजोबा आले, धोतर-टोपीवाले. "मला आधी खंडाळा दाखव. बाजार परतताना बघू."

म्हणजे सगळं उलटं! खंडाळ्याला पोचल्यावर मी तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि बाजारपेठेपासून मनात म्हणायला लागलो. ओठ हलत होते. थोडं पुटपुटतही असेन. बाजार झाला, गावठाण झालं, बंगले झाले. धरणापाशी अडकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

डोळे उघडून बघतो तर आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि हात जोडले होते.

"होऊ दे, होऊ दे तुझं," ते हळूच म्हणाले. "देवाचं आधी. पॉइंट कुठं पळून जातोय!"

* * *

आता शेवटचा.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. स्टँडवर गर्दी उसळलेली. आबांच्या टांग्यात मुंबईची पार्टी बसली होती, शिवाय त्याच पार्टीचे लोक मागच्या दोन टांग्यांत. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सुट्टी संपत आली, किसन्या."

माझ्या टांग्यात कुणीच नव्हतं. तेवढ्यात फलाटावरून हाक आली, "किसना! आरं ए किसना!" कान्हे गावची माझी मावशी! सोबत तिची जाऊ आणि शेजारच्या दोघी. सगळ्यांच्या अंगावर धुतलेली पांढरी लुगडी.

"कार्ल्याला जायाचंय," मावशी म्हणाली. "मळवलीला उतरून चालत गेलो आसतो. पन भाच्याचा टांगा आसताना पाय कशाला झिजवायचे?"

आमच्या घरांनी धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून मावशीला कार्ल्याचं लेणं बघायचं होतं. शेतीतून, मजुरीतून तिला सवडच मिळाली नव्हती.

पायथ्याशी बादलला झाडाखाली बांधलं आणि आम्ही डोंगर चढलो. एकवीरेच्या देवळापाशी कोळी मंडळींची गर्दी होती. तिच्यातून वाट काढत आम्ही लेण्यात शिरलो. आत गार आणि अंधारलेलं. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. चौघींनी डोकं टेकलं. मग मावशी उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हं. आता सांग. आमी काय शाळा शिकल्याल्या न्हाई. आमाला कळंल आसं सांग."

पाठ केलेलं सगळं पळालं. कारण गेनूभाऊंच्या पाढ्यात कार्ला नव्हतंच!

"मावशी," मी म्हणालो, "हे एका माणसानं केलेलं नाही. खांबाखांबावर लिहिलंय, हा अमक्यानं दिला, हा तमक्यानं. मामानं मला दाखवलं होतं. कुणी सुतार आहे, कुणी अत्तर विकणारा."

"म्हंजे लग्नात भांड्यांवर नाव घालून देत्यात, तसं?"

"तसंच!"

झालं! बाकीच्या तिघीही उठल्या आणि चौघी खांबाखांबाला हात लावत फिरायला लागल्या. "हा कुनाचा रं? आन हा?" मी पुढे, त्या मागे. एका गृहस्थाच्या आईनंही इथं दान दिलंय म्हटल्यावर मावशी थबकली.

"बाईचं नाव हाय दगडावर?"

"आहे की."

"बघ!" ती जावेला म्हणाली. "आन माझ्या सोताच्या हंड्यावर तुझ्या दिराचं नाव हाय!"

चौघी अशा हसल्या की सगळं लेणं घुमलं. मलाही जोर चढला. वरच्या कमानीतलं लाकूड दाखवलं. पावसाळ्यात भिक्षू एका जागी कसे राहायचे, ते सांगितलं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत ते कसे बसलेत, हे सांगताना मी खाली बसूनसुद्धा दाखवलं.

"आणि हत्तींवर बसलेत ती माणसं कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

मी न वळताच उत्तर दिलं. मग आणखी एक प्रश्न आला. त्याचंही उत्तर दिलं. तिसरा प्रश्न आला तेव्हा लक्षात आलं की आवाज आमच्या चौघींपैकी कुणाचा नाही. वळून बघतो तर अंधारात माणसंच माणसं! पँटवाले, गॉगल डोक्यावर ठेवलेल्या बाया, कडेवरची पोरं. सगळी माझ्याकडे बघत होती.

जीभ टाळूला चिकटायलाच हवी होती. पण मी वाक्याच्या मध्यावर होतो. अर्धं वाक्य टाकून पळणार कुठे? पुरं केलं. त्याला जोडून दुसरं आलं. तेही पुरं केलं.

तेवढ्यात दाराकडून खणखणीत हाक आली. दारात आबा उभे होते, एकटेच, फेटा काढून घाम पुसत.

"किसन्या! झालं आसंल, तर माझी पाशिंजरं माघारी दे! गाडीची येळ झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलला जुंपलं, टांगा स्टँडवर मामाच्या जागी लावला, टांग्याच्या पायरीवर उभा राहिलो आणि छाती भरून ओरडलो, "चला कार्ला! चला खंडाळा! धरण, बंगले, गावठाण!" टांग्यात झोपलेले गेनूभाऊ दचकून उठले आणि चाबूक घेऊन फलाटाकडे धावले. गाडी यायला अजून तास होता.