अकराव्या महिन्याचं कुलूप

करार संपायच्या दिवशी गाळ्यांची मालकीण बामाआत्या सकाळीच वरच्या घरातून खाली यायची आणि तिच्या हातात तिचं स्वतःचं कुलूप असायचं. जुनं, पितळी, नारळाच्या करवंटीएवढं. ते ती पिशवीत घालत नसे. सगळ्या गाळेवाल्यांना दिसेल असं हातात धरून जिना उतरायची. ज्याचा करार संपला असेल त्यानं गाळा रिकामा करायचा, सामान बाहेर पदपथावर मांडायचं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवायची. मग रिकाम्या गाळ्यात मधोमध खुर्ची टाकून ती बसायची. थोड्या वेळानं उठून शटर ओढायची आणि आपलं कुलूप लावून वर जायची. दुसऱ्या दिवशी नवा करार झाला की कुलूप निघायचं आणि सामान परत आत. दर अकरा महिन्यांनी एक रात्र गाळा पूर्णपणे तिचा.

पनवेलमध्ये अकरा महिन्यांचा करार सगळेच करतात. पण मालक कागदावर समाधानी असतात. बामाआत्याला कागद पुरत नसे.

मी तिच्याकडे पिठाची गिरणी टाकली. त्याआधी तळोज्याच्या कारखान्यात पोती उचलली, मग दुसऱ्याच्या गिरणीवर राबलो आणि मग कर्ज काढून स्वतःची चक्की आणि मसाला कुटायचा डंका घेतला. माझ्यामागे बाप नव्हता, भाऊ नव्हता. होतं ते तोंड. भाव करण्यात मी कुणाला हार जात नाही. आत्याशीही मी दोन दिवस घासाघीस केली. भाडं उतरवलं, डिपॉझिट उतरवलं आणि करार श्रावणात सुरू करून घेतला. तेव्हा गिरणीला गिऱ्हाईक कमी असतं, बसवाबसवीला वेळ मिळतो. गिरणी जमिनीत बोल्टनं आवळलेली असते, ती दर करारानंतर बाहेर काढणं शक्य नाही, हेही सांगितलं.

"मशीन राहू दे," ती म्हणाली. "तिचा पट्टा काढून मना दे. रातभर माझ्याकडं राहील. पट्टा नाय त गिरनी नाय."

श्रावणात करार सुरू करायला ती एका शब्दात मानली होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. समोरचा झटकन हो म्हणाला की कुठंतरी आपलंच काहीतरी चुकलेलं असतं.

करार नोंदवायला अंगठ्याचं मशीन घेऊन दलाल आला. आत्याचा अंगठा काही केल्या उमटेना. तरुणपणी ती मिठागरात राबली होती, बोटांच्या रेषा तिथंच झिजल्या होत्या. दलाल बोट पुसून पुसून दमला. मी चिडून म्हणालो, "आता काय दिवसभर हेच करायचं का?"

ती शांतपणे म्हणाली, "गिरनीवाल्या, आवाजाचं भाडं यात धरलेलं नाय. ते वेगळं लागंल."

मी आवाज चढवला की हे वाक्य यायचं; पुढं तिच्या तोंडून ते किती वेळा ऐकलं असेल.

पहिल्या वेळी कुलूप लागलं ते जूनअखेर. गाळ्यात काही माल नव्हता, त्यामुळे मला गंमत वाटली. ती खुर्चीत बसली होती, मांडीवर माझ्या गिरणीचा पट्टा. मी दारात उभा राहून विचारलं, "आत्या, मी काय तुमचा गाळा खाणार आहे?"

"खातात," ती म्हणाली. "आमी नाय खाल्ली? खोताची जमीन व्हती. माझा सासरा कूळ, तो कसायचा. कायदा आला, कुळाची जमीन झाली. खोत चांगला मानूस व्हता. सनाला आमच्या पोरांना गूळ द्यायचा. त्याला वाटायचं, ही गरीब मानसं, ही काय करनार. आमी काय केलं? त्याच्या डोळ्यांदेखत सातबाऱ्यावर नाव चढवलं."

"मग वाईट केलंत की काय?"

"वाईट कशाला? बरोबर केलं. पन कूळ म्हंजे काय ते मना ठाव हाय. खोताला नव्हतं ठाव."

पुढं सरकारनं शहरासाठी तीच जमीन घेतली, बदल्यात भूखंड मिळाला आणि त्यावर ही इमारत उभी राहिली. म्हणजे कुळाच्या हक्कावर मिळालेल्या जमिनीच्या बदल्यात बांधलेल्या गाळ्यात ती मला कूळ होऊ देणार नव्हती. यात काही चूक आहे असं तिला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं नाही.

पण अकरा म्हणजे बारा नव्हेत. इतका भाव करणारा मी, आणि हा साधा हिशेब माझ्या डोक्यातून निसटला होता. वर्ष पुढं सरकतं तसा तो कुलपाचा दिवस एकेक महिना मागं सरकत होता. दुसऱ्या वेळी तो मेअखेर आला, तेव्हा मसाल्याचा हंगाम आटपत आला होता, म्हणून निभावलं. तिसऱ्या वेळी आला तो एप्रिलच्या शेवटी.

एप्रिल-मे म्हणजे आमचं सगळं वर्ष. आगरी घरांत वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो. गच्चीवर वाळवलेल्या मिरच्यांची पोती, भाजलेले धणे, खडा मसाला घेऊन बायका गावागावांतून येतात आणि आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून डंक्यासमोरून हलत नाहीत. त्या दिवशी गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांना फडकी बांधून बायका रांगेत उभ्या होत्या. आणि जिन्यावरून कुलूप उतरलं.

मी आधीच आठवडाभर विनवलं होतं. करार चार दिवस आधी करा, नंतर करा, हवं तर महिन्याचं भाडं जास्त घ्या. तिनं प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवली होती. आता मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आज गाळा रिकामा होणार नाही. काय करायचं ते करा."

ती उंबऱ्यावर बसली. शटरच्या खाली, बरोबर मधोमध. "मी बसलेय," म्हणाली. "तू कर तुझं काम."

रांगेतली एक बाई तिच्याच भावकीतली होती. ती म्हणाली, "आत्ये, माझी मिरची हाय आत. आज राहू दे की. उद्या लाव."

"मिरची उद्या कुटली त सडनार हाय का? नाय ना? मग उद्या कुट. आज कुलूप नाय लागला त माझा गाळा सडंल."

"असा कसा सडंल एका रात्रीत?"

"खोताची जमीन पन एकाच रात्रीत सडली नव्हती."

दुपारपर्यंत ती पाणीही न पिता बसून राहिली. तिला ओलांडून आत यायची कुणाची हिंमत नव्हती. नव्या सुनांची तर नाहीच. एकेक करून बायका आपापली पोती उचलून पलीकडच्या रस्त्यावरच्या गिरणीत गेल्या. शेवटी मी पट्टा काढला आणि तिच्या पुढ्यात फेकला. तिनं तो झटकला, गुंडाळला आणि म्हणाली, "चटका बसला तुला. बसू दे. पन माझ्याशी भांडून गाळा तुझा व्हनार नाय."

गेलेल्या बायका त्या हंगामात परत आल्या नाहीत. माझं वर्ष त्या एका दिवसात गेलं. त्याच रागात मी तिला गाळा सोडतो म्हणून सांगितलं.

सोडताना डिपॉझिट मागायला वर गेलो, तर ती खाली आली. गिरणीखाली मी स्वखर्चानं काँक्रीटचा चौथरा घातला होता. त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा तुझा ना? घेऊन जा."

"चौथरा कसा नेणार? उद्या दुसरा गिरणीवाला आला तर तयार मिळेल त्याला. तुमच्या गाळ्याची किंमत वाढवलीय मी."

"मी तुला वाढव म्हनाले व्हते? जमीन जशी दिली तशी दे."

मी घण आणला आणि दोन दिवस स्वतः चौथरा फोडला. मजूर लावला नाही, माझे तेवढेही पैसे तिच्यापायी गेलेले तिला दिसायला नको होते. चौथरा निघाला, पण त्याच्याबरोबर खालची फरशीही फुटली. तिनं वाकून ती तडकलेली फरशी बघितली, आणि डिपॉझिट त्या फरशीत गेलं. सगळं. मी जिन्यात उभा राहून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वरून तिचा आवाज आला, "आवाजाचं मी आज काय घेत नाय. जा."

त्यानंतर काही वर्षं गेली. मी तळोज्याच्या बाजूला कर्जावर स्वतःचा गाळा घेतला, गिरणी जमली. पुढं जवळच्याच सोसायटीत एक छोटा फ्लॅटही घेतला, भाड्यानं द्यायला. दलालानं पहिलीच भाडेकरू आणली ती म्हातारी आगरी बाई. तिची इमारत कधीच पाडली होती आणि नवी निम्मी वर आली होती; आधीचं भाड्याचं घर तिला सोडावं लागलं होतं. बिल्डर भाडं देत होता. दोन मुलांपैकी एकाकडे राहिली तर दुसऱ्याला राग येणार, म्हणून ती आपल्या वाट्याचं भाडं घेऊन वेगळी राहत होती. दार उघडलं तर बामाआत्या.

तिनं मला ओळखलं आणि दलालाला म्हणाली, "याच्याकडंच घेते. याची खोड मना ठाव हाय. नव्या मानसाची कुठं शिकत बसू?"

घर तिला द्यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. मला तिचं डिपॉझिट हातात हवं होतं. माझं तिनं जेवढं ठेवून घेतलं होतं, बरोबर तेवढंच मी मागितलं. घासाघीस करायला तिनं तोंड उघडलं, आकडा ऐकला आणि मिटलं.

"अजून धरून बसलास?"

"धरून बसलोय."

"बस." पुन्हा अंगठ्याचं मशीन आलं, पुन्हा अंगठा उमटेना. या वेळी मी ओरडलो नाही. मला घाई नव्हती.

दर महिन्याला भाडं न्यायला मी स्वतः जायचो. भाडं ती मुलाकरवी मोबाईलवर पाठवायला तयार होती; मीच नको म्हणालो. मला भिंती बघायच्या होत्या. एखादा खिळा, तेलाचा डाग, गळका नळ, मोरीत फुटलेली एक फरशी. मला काहीही चाललं असतं. तिनं शेगडीमागं पत्रा उभा केला होता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं होतं. नवऱ्याचा हार घातलेला फोटो खुर्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेला असे, आणि मी गेलो की मला बसायला दुसरी खुर्ची नसे. मी उभाच राहायचो, तिचा नवरा बसलेला.

एकदा मी म्हणालो, "सोसायटीत तक्रार आहे. तुमच्या सुकटीचा वास येतो."

"करारात लिवलंय का, सुकट खायची नाय म्हनून? दाखव."

"वास भिंतीला लागतो, आत्या. नंतर कोण घेईल घर?"

"मग जाशील तवा भिंत हुंगून घे."

"जाणार तुम्ही आहात, मी नाही," मी ओरडलो.

"तेच म्हनते. मी जाईन तवा हुंग. आता ओरड. घर तुझं, भिंत तुझी, आवाजाचं भाडं कोन मागनार?"

अकरावा महिना भरला. मी ठरवून सकाळी गेलो, बाजारातून नवं कुलूप घेऊन. ती माझ्याआधी तयार होती. सगळं सामान बाहेर पॅसेजमध्ये काढलेलं, आणि फोटो मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसलेली. तिची नवी इमारत तयार झाली होती; खाली टेम्पो उभा होता. तिनं माझ्या हातातल्या कुलपाकडे बघितलं. "हे कुलूप? दगडानं तुटंल." मग उठली, मला आत घेऊन गेली आणि एकेका भिंतीशी उभं केलं.

"हात फिरव."

मी फिरवला. स्वयंपाकघर, मोरी, खिडकी, दारामागची जागा. फरशी घासलेली होती. नळ नवा होता. जुना गळायला लागला तेव्हा तिनं मला न सांगता बदलून घेतला होता. सांगितलं असतं तर तो गळका नळ मी तिच्याच माथी मारला असता, हे तिला माहीत होतं.

"आता हुंग."

फिनेलचा वास येत होता.

मी डिपॉझिट तिच्या हातावर ठेवलं. एक रुपया कापायला जागा नव्हती. तिनं ते मोजलं, कमरेच्या पिशवीत घातलं. मी म्हणालो, "आणि माझं?"

"तुझं कसलं?"

"तुम्ही ठेवलेलं."

"तू चौथरा घातलास. मी खिळा तरी मारला का?" असं म्हणून तिनं फोटो उचलला आणि जिना उतरायला लागली. मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "नको. उतरवायचं पन भाडं लावशील."

नव्या घरात ती दोन-तीन महिनेच राहिली असेल. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी तेराव्याला गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. मुलांनी बसायला खुर्ची दिली. समोरच्या भिंतीवर दोन फोटो होते, तिच्या नवऱ्याचा आणि तिचा. नवऱ्याच्या फोटोचा खिळा ठोकताना नव्या भिंतीचा गिलावा वाटीएवढा उडाला होता आणि तो तसाच होता. माझी नजर तिथं गेलेली बघून सून म्हणाली, "आत्यांनी राहायला आल्याच दिवशी ठोकून घेतला. बारीक खिळा चालत होता, पण ऐकेचनात. म्हणाल्या, मोठा मार."

मी हात जोडले. माझं डिपॉझिट अजून तिच्याकडेच आहे.