संतूचे बूट

आज सकाळी टाचेच्या भेगांवर कोकमाचं तेल चोळताना कालचा राग पुन्हा उसळला. आमच्या फुटबॉल संघाच्या आजवरच्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंचा बॅनर रामनगरच्या चौकात लागणार आहे. त्यातून संघातल्या पोरांनी कुंभारवाड्याच्या संतूचं नाव गाळलं. वर माझा पुतण्या मला म्हणतो, "काका, संतूमामाला बूट तरी व्हते काय? आताच्या पोरांपुढं त्यो टिकलाच नसता."

टिकला नसता? ह्या पोरांनी त्याला खेळताना कधी बघितलं?

तेलाच्या त्या वासासरशी मला भात कापलेलं शेत दिसलं. आमचा सराव तिथंच चालायचा. पायांना टोचणारे भाताचे खुंट, उन्हानं तापलेला पेंढा आणि बांधावर बसून तळव्यांना हेच तेल चोळणारा संतू. संघानं त्याला नवेकोरे बूट आणून दिले होते. त्यानं ते घातले, जरा पळून बघितलं आणि काढून टाकले.

"न्हाई बा. ह्यात पाय आंधळा हुतोय," तो म्हणाला.

आम्ही पोट धरून हसलो. आज कळतं, त्या शेतातला खड्डा न खड्डा त्याच्या तळव्यांना दिसत होता.

शेतात गोलाचे खांब नव्हतेच. संतूनं तेच दोन बूट उचलून खांबांच्या जागी मांडले आणि अनवाणी पायानं चेंडू त्यांच्यामधून असा हाणला, की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही.

बूट नव्हते म्हणे! होते रे, गाढवांनो. अख्खा संघ गोल मारायला शिकला तो त्याच्या बुटांमधूनच.