जवस खाणारी कोंबडी

आमची तांबडी कोंबडी मक्याच्या भरड्यातले जवस आधी वेचून खाते. आज मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून मुलीला रस्सा द्यायला हिला दोन महिने वेगळं खाद्य घालते आहे. मक्यात जवस मिसळते, शेवग्याचा वाळवलेला पाला चुरून टाकते. कोंबडी खाईल तेच तिच्या मांसात उतरतं. नुसत्या मक्यावरच्या कोंबडीचा रस्सा पुचाट लागतो, हे आमच्याकडच्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे.

मुलगी पोटात होती तेव्हा मी काय खात होते? भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ती अशी काटकुळी राहिली, ती त्यानंच का? हे मी कुणाला कधी विचारलेलं नाही.

दुपारी तिचा फोन आला.

"आई, मी बाळंतपणाला इथंच राहते. दवाखाना जवळ आहे, सासूबाई आहेत. आणि कोंबडी काय, इथं दुकानातही मिळते गं."

मला म्हणायचं होतं, ये. तोंडातून निघालं, "दुकानातलीला काय खाऊ घातलंय, कुणाला माहीत."

ती हसली. "मग तुझी काय बदाम खाते का?"

मी सांगायला लागले. जवस किती घालते, पाला सावलीतच का वाळवते, सगळं. एरवी फोनवर मला एवढं बोलता येत नाही. मग सांगायचं संपलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "अजून सांग ना, आई."