आईचं रायडिंग जॅकेट

यंदा नागपूरला माझ्या मोटरसायकलवर मागे बसून यायचं, हे आईनं स्वतःहून काढलं आणि मला आनंदानं काय करू अन् काय नको असं झालं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमचं घर दरवर्षी अकोल्याहून दीक्षाभूमीला जातं, ते रेल्वेनं. यंदा आई म्हणाली, "मी पोरीच्या गाडीवर जातो."

बाबा लाइनमन म्हणून रिटायर झालेले. हातमोज्यांशिवाय कधी खांबावर चढले नाहीत. त्यांनी एकच अट घातली. "तुमा दोघीच्याही अंगात ते पॅडवालं जाकीट पायजे. नाही तं गाडी निंगत नाही."

माझ्याकडे होतं. आईसाठी शोरूममध्ये जायची आमची ऐपत नाही. पण अमरावतीत एक सेलचं दुकान आहे. मोटरसायकल कंपनीनं लोगो बदलला की जुन्या लोगोचे कपडे तिथं येऊन पडतात, अस्सल माल आणि निम्मा भाव. त्या दुकानाच्या नुसत्या नावानं माझे हात शिवशिवतात. मग काय, मोटरसायकलवर बसता यावं म्हणून आम्ही दोघी एसटीनं अमरावतीला गेलो.

ढिगातून मी एक उपसून काढलं. आईनं पंजाबी ड्रेसवरच ते चढवलं, चेन ओढली आणि आरशासमोर उभी राहिली. "काय वं, बरी दिसून राहिली का मी?"

बरी? काय रुबाब होता बाईचा! खांद्याला नेमकं बसलं, कोपरांची पॅडं जागेवर आली, पाठीवर कंपनीचं हे एवढं मोठं नाव. मी पैसे देऊन पिशवी घेतली, तेव्हा कुठे तिचा उतरलेला चेहरा माझ्या लक्षात आला.

"हे काळं हाय," ती म्हणाली.

झाली का पंचाईत. त्या दिवशी आई घरून निघते तीच पांढऱ्या कपड्यांत. पांढरं जॅकेट मागितलं तर दुकानदार म्हणाला, "मावशी, पांढरं येतच नाही. मळते ना."

"तिथं पोचलो की काढून ठेव," मी चिडून म्हटलं.

"तू घाल काळं, मी काही म्हनत नाही. पन मी आजवर मोडलं नाही, आता काहून मोडू? मी रेल्वेनंच जातो."

परतीच्या एसटीत मला राग तर होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

निघायच्या सकाळी आई पांढरा ड्रेस घालून रेल्वेसाठी पिशवी भरत होती. बाबांनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःसाठी इस्त्री करून ठेवलेला पांढरा सदरा आणला. बाबा अंगानं दांडगे, सदराही तसाच ऐसपैस.

"जाकीट घाल, अन् हा वरतून चढव."

"अन् तुमी?"

"माहा जुना हाय ना. मी येतो रेल्वेनं."

पॅडांमुळे आईचे कोपर नीट वाकेनात, हात गळ्यापर्यंत पोचेना. बाबा पुढे झाले आणि सदऱ्याची एकेक गुंडी लावत गेले. आमच्यादेखत त्यांनी आईला कधी असा हात लावलेला मला आठवत नाही. आईही खाली मान घालून उभी होती.

"आता जाय," शेवटची गुंडी लावून ते म्हणाले. "मलेबी तुले गाडीवर पाहाचं हाय."